उजवी मागची स्प्रिंग

गाडीत झोपलेल्या मुलाला झोपेतच उचलून घरात आणू नये, त्याचं वजन गाडीत राहतं, असं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं. मी त्यांना माई म्हणते. शर्वी तेव्हा तान्ही होती. आम्ही बाजारातून आलो होतो, ती मागच्या सीटवर उजव्या बाजूला तिच्या खुर्चीत मान टाकून झोपली होती आणि मी तिचे पट्टे सोडवत होते.

"अगो, आधी जागी कर तिला," माई म्हणाल्या. "मग उतरव."

"माई, केवढ्या मुश्किलीने झोपलीये."

"रडेल थोडी. रडू दे. वजन राहील गाडीत."

झोपलेल्या बाळाला कोणती आई मुद्दाम उठवते? मी हसले आणि तिला तशीच खांद्यावर टाकून जिना चढले. माई पिशव्या घेऊन मागून येत होत्या. "कॉलेजात पोरं उतरवायला शिकवत नाहीत वाटतं," एवढंच म्हणाल्या.

पुढेही मी तसंच करत राहिले. शर्वीला गाडीतच झोप लागायची. माझा नवरा हर्षद जहाजावर असतो. तो सुट्टीवर आला की तो तिला मांडवीच्या बंदरापर्यंत फिरवून आणायचा, आणि तो नसला की मी. परत येईपर्यंत ती झोपलेली असायची. आम्ही तिला उचलायचो आणि वर आणायचो.

शर्वी तीन वर्षांची झाली तेव्हा तिचं सगळं वजन गाडीत होतं.

हे एकदम झालं नाही. आधी ओल्या वाळूत तिची पावलं उमटेनाशी झाली. ती माझ्यापुढे पळत होती आणि मागे वळून बघितलं तर वाळूत नुसती माझीच पावलं होती. मी फोटो काढून हर्षदला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. मग तिच्या उशीला खळगा पडेना. मग ती झोपाळ्यावर बसली की कड्या वाजेनात. मांडीवर येऊन बसली की मला मान खाली घालून बघावं लागायचं, बसली आहे की उठून गेली. मांडीला कळायचंच नाही.

मी तिला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेलं आणि त्याच्या वजनकाट्यावर बसवलं. काट्यावर शून्य आलं. वाण्याने तिला बाजूला घेतलं, एक नारळ ठेवला, नारळाचं वजन बरोबर आलं.

"काटा ठीक आहे," तो म्हणाला. "अजून काय देऊ?"

दिवाळीच्या सुमाराला तिचे पाय जमिनीला टेकेनासे झाले. ती फरशीच्या बोटभर वरून चालायची. तिला त्याची गंमत वाटायची.

"आई, फरशी कुठे गेली?"

"आहे गं खाली."

"खूप खाली गेली."

मी तिच्या फ्रॉकच्या खिशांत गारगोट्या भरल्या. उपयोग झाला नाही. दुसऱ्याचं वजन तिच्या अंगाला धरत नव्हतं. खिसे खाली लोंबायचे आणि ती त्यांच्या वर, दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखी. शेवटी माईंनी एका सुती साडीचा काठ फाडला, एक टोक शर्वीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. भाकरी थापतानाही त्या ते सोडत नसत.

त्याच दिवसांत आमची गाडी उजवीकडे मागे बसली.

गाडी इमारतीच्या खाली, आमच्या पार्किंगमध्ये उभी असते. समुद्र जवळ आहे, लोखंड इथे टिकत नाही. उजवं मागचं चाक पत्र्याच्या आत एवढं गेलं होतं की चाकाचा वरचा अर्धा भाग दिसत नव्हता. मी त्या कोपऱ्यावर हात ठेवला. पत्रा गरम होता, आणि थोडा वर-खाली होत होता.

मी मकबूलभाईंना बोलावलं. ते आमच्या गाडीचं काम करतात. त्यांनी डिकी उघडली, वाकून खाली बघितलं, पुन्हा डिकीत बघितलं.

"भाभी, मागे काय भरलंय? जांभा दगड?"

"काही नाही."

"मग कोण बसलंय?"

"माझी मुलगी."

ते हसले. मग त्यांनी वर बघितलं. गॅलरीत माई उभ्या होत्या आणि शर्वी त्यांच्या खांद्याच्या उंचीवर होती, काठाला बांधलेली, त्यांच्याकडे बघून हात हलवत.

"ती तर वर आहे."

"तिचं वजन."

मकबूलभाईंनी कान खाजवला. "मग ते स्प्रिंगमध्ये असणार," ते म्हणाले. "गाडीत वजन स्प्रिंगच धरते. शॉकॉप नुसता उड्या आवरतो."

"मग स्प्रिंग काढा."

ते खाली झोपले, टॉर्च मारला, हातोडीने दोनदा ठोकलं आणि उठले. "शॉकॉपचा खालचा बोल्ट निघाला की धुरा खाली येईल, धुरा आली की स्प्रिंग हाताने निघते. पण तो बोल्ट त्याच्या नळीत, बुशात, गंजून एक झालाय. बोल्ट कुठला आणि बुश कुठला ते आता त्यांनाही माहीत नाही. गॅस लावतो. कापून टाकतो."

"स्प्रिंगला काही होणार नाही ना?"

"आच लागली की स्प्रिंगचं पाणी जातं. मग ती नुसती तार."

"आणि तिच्यातलं वजन?"

"ते जाईल. नवी टाकू की. हल्लीच्या स्प्रिंगा मजबूत येतात."

मी नको म्हणाले.

"मग गार बोल्ट काढत बसायला मला फुरसत नाही, भाभी. सीझन आहे. तुम्हीच बघा. मोबाइलवर बघून हल्ली लोक काय काय करतात, लग्नंसुद्धा मोडतात." ते स्कूटरला किक मारून गेले.

अशा रीतीने मी कामाला लागले.

हार्डवेअरच्या दुकानातून मी पाने आणले, तारेचा ब्रश आणला, गंजावर मारायचा स्प्रे आणला. जॅक गाडीतच होता. गाडी उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली, धुरेखाली लाकडाचे ठोकळे लावले, खाली ताडपत्री अंथरली आणि आत गेले. शर्वीचा एक बूट मी उशाशी ठेवत असे, वरून काही आवाज आला तर कोणासाठी धावायचं आहे हे विसरू नये म्हणून.

बीएस्सीला मला केमिस्ट्री होतं. गंज म्हणजे काय हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलेलं आहे. हा गंज वेगळा होता. तो पापुद्र्यापापुद्र्याने निघायचा, आणि एक पापुद्रा काढला की खालचा ओला असायचा. मी घासत राहिले. बऱ्याच घासण्यानंतर बोल्टचं डोकं दिसलं. मी पाना लावला, पान्याच्या दांड्यात नळाचा जुना पाईप घातला आणि पाईपवर सगळं अंग टाकलं. बोल्ट हलला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच ओरडले.

वरून माईंची हाक आली. "अगो केतकी! पोर पंख्याकडे चाललीय!"

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. शर्वी छताला टेकली होती, पाठ चुन्याला लागलेली. काठ ताणून सरळ झाला होता आणि माई हात उंच करून चवड्यांवर उभ्या होत्या. वीज गेलेली होती म्हणून पंखा बंद होता.

"आई, मी मोठी झाले," शर्वी वरून म्हणाली.

तेव्हा मला कळलं. उताणं पडून, डोक्यावरच्या हातांनी पाना फिरवला की डावं-उजवं बदलतं. मी बोल्ट काढत नव्हते, आवळत होते. खाली जाऊन मी तो तेवढाच उलटा फिरवला. शर्वी माईंच्या खांद्याच्या उंचीपर्यंत खाली आली. त्याखाली आली नाही. बोल्टही पुढे हलेना. मी जोर लावला तेव्हा पाना सटकला आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून ते गोल झालं. मग मी दुकानातून पाईप पाना आणला, त्याचे दात गोल लोखंडही धरतात.

त्या दिवसापासून आम्ही पंखा लावला नाही. खिडक्याही लावून घेतल्या.

हर्षदचा फोन येतो तेव्हा पडद्यावर त्याच्यामागे नेहमी एक गोल खिडकी असते.

"शर्वी एवढी उंच कशी दिसतेय?" तो म्हणाला.

"वाढतेय."

"सोसायटीच्या शेट्येकाकांचा मेसेज आलाय मला. गाडी फार दिवस स्टँडवर आहे म्हणे. भंगारवाल्याला देऊन टाक ना."

"देणार नाही."

"केतकी, लोखंड आहे ते."

"तू कधी येतोस?"

"जहाज ठरवेल," तो म्हणाला, आणि त्याचं चित्र थांबलं. तोंड उघडं होतं. मी फोन ठेवला.

माई गॅससमोर उभ्या होत्या. लोखंडी पळीत खोबरेल, त्यात लसूण आणि ओवा. शर्वीच्या अंगाला लावायचं तेल त्या अजून घरीच करतात.

"भंगारात देऊ नको," त्या म्हणाल्या.

"नाही देणार."

"हर्षद एवढासा होता. राजापुराहून एसटीने आलो. खिडकीशी झोपलेला. माझी आई सांगायची, उठव म्हणून. पण एका खांद्याला पिशवी, एका हातात फणस, कंडक्टर ओरडतोय उतरा उतरा. उचलला तसाच." त्यांनी लसूण हलवली. "गाडी पुढे गेली."

"मग?"

"मग काय. कळायला लागलं तेव्हा गाडीचा नंबर शोधत डेपोत गेले. ते म्हणाले, ती तोडली. पत्रा वेगळा, लोखंड वेगळं, कुठे कुठे गेलं ते कोण सांगणार? शाळेत धाडताना दप्तरात वरवंटा घालायचे मी त्याच्या. मास्तर हसायचे." त्यांनी गॅस बंद केला. "टिकला नाही तो कुठे. पुण्याला नाही, मुंबईला नाही. जहाजाला खाली वजन असतं म्हणतात."

हर्षद घरात असतानाही लोखंडी टोकांचे बूट घालतो. जहाजावरची सवय, असं त्याने मला सांगितलं होतं. आणि तो घरी असतो तेव्हाही गादी फक्त माझ्याच बाजूला दबते. मला वाटायचं, माझंच वजन वाढलंय.

"हे लाव त्याला," माई म्हणाल्या आणि तेलाची वाटी माझ्या हातात दिली.

"बोल्टला?"

"नाहीतर कोणाला? तुझा तो फवारा नुसता वास मारतो."

मी तेल खाली नेलं. मी ते बोल्टच्या डोक्यावर ओतलं आणि बोटांच्या टोकांनी जिरवलं, शर्वीच्या टाळूवर जिरवायचे तसं. हात आपोआप तसेच फिरले. वर एक फडकं गरम करून शेकही दिला. चूक तिथे झाली. तेलाने आणि शेकाने बोल्ट गाढ झोपला.

पाना लावला की त्याचं अंग सैल पडायचं आणि जड व्हायचं. झोपलेल्या मुलाचा हात बाहीतून काढताना होतो तसा तो पान्यात वळायचा, पण निघायचा नाही. आणि झोपेत काढला असता तर वजन त्याच्यातच राहिलं असतं. हे मला आता कोणी सांगायला नको होतं.

मी त्याला उठवायला बसले. बोल्टवर मारायचं नसतं, बाजूच्या लोखंडावर मारायचं असतं, हळू, पण थांबायचं नसतं. मी लहान हातोडी घेतली. "ऊठ," मी म्हणायचे. "ऊठ रे. उजाडलं." पहिल्या मजल्यावरच्या बायका जिन्यात थांबून वाकून बघायच्या आणि भाजीच्या पिशव्या घेऊन वर जायच्या. भात लावून आले की पुन्हा ठोकायला बसायचे. शर्वीला भरवून आले की पुन्हा. ती आता तोंड उघडून खाली बघायची आणि मी हात उंच करून घास द्यायचे. घास खाली पडायचा नाही, ती पडू द्यायची नाही.

एका दुपारी बोल्ट रडला. आवाज अख्ख्या इमारतीत गेला. लाल भुगा माझ्या डोळ्यांत आला. मी डोळे मिटूनच पाईप पान्याने त्याचं अंग धरलं, या वेळी बरोबर बाजूला फिरवलं आणि तो फिरला.

मी वर गेले. माईंनी शर्वीकडे बोट दाखवलं. ती छताला नव्हती आणि खालीही आली नव्हती. खोलीच्या मध्यावर होती आणि स्वयंपाकघरातून माई चालत आल्या तेवढ्या वाऱ्याने हलत होती.

"आता या काठाशिवाय कशालाच बांधलेली नाही ती," माई म्हणाल्या. "लवकर आवर."

मला वाटलं होतं बोल्ट बोटाएवढा असेल. तो हाताएवढा निघाला. मी फिरवत होते आणि तो बाहेर येत होता. कोपरापर्यंत आला, मग पुरुषभर झाला. मग त्याचं गोल डोकं आमच्या पार्किंगची पिवळी रेघ ओलांडून शेट्येकाकांच्या जागेत गेलं. शेट्येकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते निवृत्त आहेत आणि दिवसातून पुष्कळदा खाली येतात.

"खानविलकर वहिनी," ते वाकून म्हणाले. मला त्यांच्या चपला दिसत होत्या. "तुमचा बोल्ट माझ्या पार्किंगमध्ये आलाय."

"संपतच आलाय, काका."

"कालही हेच म्हणालात."

"काही अडतंय का तुमचं?"

"स्कूटर तिरकी लावावी लागते. आणि मिसेस साळवींनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातलाय. हे बरं दिसत नाही."

"टॉवेल मी घातलेला नाही."

"बोल्ट तुमचा आहे." त्यांच्या चपला बोल्टला वळसा घालून परत आल्या. "सोमवारी क्रेन बोलावलीय. गाडी भंगारात जाणार. सभेत ठरलं."

"मी नव्हते सभेला."

"तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही गाडीखाली होतात."

चपला निघून गेल्या.

बोल्ट जसा बाहेर यायचा तशी गाडी खाली बसायची. स्टँड फरशीत रुतत चालले होते. पहिल्यांदा मला गाडीखाली कुशीवर वळता यायचं. मग नुसतं उताणं पडता यायचं. मग आत जाताना डोकं एका बाजूला वळवावं लागायचं, आणि शेवटी श्वास पूर्ण सोडला तरच आत शिरता यायचं. आत गेल्यावर छोटे श्वास घ्यायचे. मी सवय केली. बाळंतपणात शिकवतात तसेच.

बाहेरचं मला एका फटीतून दिसायचं. चाकं, चपला, मांजर, आणि कंपाउंडमधल्या उन्हाची एक पट्टी. उन्हातून कोणी गेलं की आधी सावली यायची आणि मग पाय.

सोमवारी सकाळी मी शर्वीला आंघोळ घातली. पाणी तिच्या अंगावरून खाली यायचं आणि ती वर राहायची. मी तिला पिवळा फ्रॉक घातला. तिच्या पोटावर ओठ टेकून फुर्र केलं. ती हसली आणि त्या हसण्याने थोडी मागे गेली. मी तिचा पाय धरून तिला परत आणलं.

"आई, तू खाली काय करतेस रोज?"

"तुझं एक राहिलंय खाली. ते काढतेय."

"माझं काय?"

"तुझं," मी म्हणाले.

मी माईंना सांगितलं, मी हाक मारली की हिला घेऊन खाली या. हिला जागी ठेवा. माई म्हणाल्या, "मला सांगतेस?" आणि काठ मनगटाला आणखी एक वेढा देऊन बांधला.

मी गाडीखाली शिरले तेव्हा क्रेन फाटकात आली होती. तिची मोठी चाकं मला दिसत होती.

"खाली कोण आहे?" क्रेनवाल्याने विचारलं.

"खानविलकर वहिनी," शेट्येकाका म्हणाले. "येतील बाहेर."

"बाई असताना उचलणार नाही मी."

"मग चहा घेऊन या. तोवर येतील."

क्रेनवाल्याचे पाय गेले. शेट्येकाकांचे राहिले. मी पाईप पाना फिरवत होते. वरचा पत्रा माझ्या गालाला लागला होता. बोल्ट आता हलका फिरत होता, त्याला काही धरून ठेवायचं उरलं नव्हतं. मी एक फेरा दिला, आणखी एक दिला, आणि पुढचा फेरा द्यायला पाना नेला तर तिथे बोल्ट नव्हता. तो शेट्येकाकांच्या पार्किंगमध्ये पूर्ण बाहेर पडला होता. त्याचा आवाज आला नाही. मी एकेक करून ठोकळे काढले. धुरा हळूहळू खाली आली, आणि स्प्रिंग तिच्या जागेतून सुटून माझ्या छातीवर आली.

ती गरम होती. तिला शर्वीच्या केसांचा वास होता. मी दोन्ही हात तिच्याभोवती घातले आणि मग मला तिचं वजन कळलं. खांद्यावरून वर नेलेल्या सगळ्या दुपारींचं वजन, जे वर पोचेपर्यंत कमी झालेलं असायचं आणि मला वाटायचं मी सरावलेय. मांडीला न कळलेलं, कुशीला न कळलेलं, सगळं एकदम. माझी बरगडी हलेना. मी रडत होते, पण रडायला लागतो तेवढा श्वास आत येत नव्हता.

स्प्रिंग झोपलेली होती. तिचे वेढे सावकाश उघडत होते आणि मिटत होते.

"शरू," मी म्हणाले. "शरू, ऊठ बाळा. घर आलं."

तिने एक वेढा माझ्या काखेत घातला आणि ती आणखी खोल झोपली.

"माई!" मी हाक मारली. आवाज मोठा निघाला नाही. पुन्हा मारली.

"येतेय गो!" वरून उत्तर आलं.

दार वाजलं. मग जिन्यात माईंच्या चपला, एक पायरी, थांबा, एक पायरी. त्यांचे गुडघे दुखतात. एकाच माणसाचा आवाज येत होता, आणि तो तसाच यायला हवा होता. शर्वीचं बोलणंही ऐकू येत होतं. ती पायऱ्या मोजत होती, तिला येतात तशा, मधले आकडे सोडून. माई हो-हो म्हणत होत्या. मी स्प्रिंगच्या पाठीवर थोपटत होते, उठवायला थोपटतात तसं, पण हात पुन्हा पुन्हा झोपवायला थोपटतात तसाच पडत होता.

शेवटच्या वळणावर जिन्याला मोठी, तावदान नसलेली खिडकी आहे. तिथे कापड टरकलं आणि मोजणं थांबलं.

"अगो," माई म्हणाल्या. मग मोठ्याने, "धर! अगो धर!"

त्या कोणाला म्हणाल्या मला माहीत नाही. त्यांच्या चपला धावल्या. माईंना धावताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या मला फटीतून दिसल्या, म्हणजे त्यांचे पाय दिसले, कंपाउंडच्या उन्हात, चपला निसटून अनवाणी. त्या चवड्यांवर उभ्या होत्या. टाचा इतक्या वर गेल्या होत्या की त्यांच्या खालून पलीकडची भिंत दिसत होती. शेट्येकाकांचे पाय दोन पावलं मागे सरकले. मग माईंचे पाय फाटकाकडे पळाले आणि फटीच्या बाहेर गेले.

तेव्हापासून कोणी बोललेलं नाही. क्रेनचं इंजिन बंद आहे. छातीवरची झोपलेली आहे, आणि झोपलेल्या लेकराखालून मला निघता येत नाहीये, हलले की ती घट्ट धरते.

उन्हाच्या पट्टीवरून आत्ता एक सावली गेली. लहान होती. तिच्यामागून पाय आले नाहीत. ती पुन्हा आली, थोडी आणखी लहान झालेली, आणि आता फाटकापाशी गोल फिरतेय. घार असेल. बंदरावर मासळी उतरली की घारी इकडे येतात, आणि वर वर गेल्या की त्यांची सावली अशीच लहान होते. मला इथून फक्त जमीन दिसते. तुम्ही बाहेर आहात. जरा वर बघून मला सांगता का? तिने पिवळा फ्रॉक घातलाय.